भाऊजींचा शेंदूर

मारुतीचे चांदीचे डोळे फरशीवर पडले होते आणि छताकडं बघत होते. हे मी पाहिलं आहे. अजूनही भाकरी थापता थापता मध्येच हात थांबतो, आणि तव्यावरची करपते.

मी रोज सांजवात झाली की वहीत चार ओळी लिहिते. भाजी काय केली, कोण आलं-गेलं, एकादशी कधी. त्या दिवशी वही उघडली आणि तारीख टाकून तशीच मिटली. आता डोकं जरा ठिकाणावर आलंय, तर पहिल्यापासून लिहून काढते. हकीकत माझी नाही. आमच्या एकनाथभाऊजींची आहे.

भाऊजी म्हणजे यांचे थोरले भाऊ. सत्तरी ओलांडली तरी पाठ ताठ. निजामाच्या जुन्या राजधानीत, गौलीगुड्यातल्या आमच्या मारुतीचे पुजारी, आणि त्याच आवारातल्या एका खोलीत त्यांचा मुक्काम. आमचं घर देवळाच्या मागच्या गल्लीत. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांचा जेवणाचा डबा माझ्याकडं.

देऊळ म्हणतो आम्ही, पण आहे ते मोठं आवारच. मधोमध मारुती. एका अंगाला महादेवाची पिंड, दुसऱ्या अंगाला कोनाड्याएवढ्या खोलीत विठोबा-रखुमाई. मागं विहीर, तिच्यावर आता जाळी टाकलीय. आणि नांदेड-परभणीहून कामधंद्याला येणाऱ्यांना पाठ टेकता यावी म्हणून बांधलेली धर्मशाळा. तिथं हल्ली ट्रस्टचं ऑफिस आणि लग्नकार्याची भांडी. देऊळ सांभाळणं म्हणजे काय ते मला विचारा. पावसाळ्याआधी गच्चीला डांबर, दिवाळीआधी चुना, पिंपळाची मुळं भिंतीत शिरतात ती वरचेवर काढायची, पन्हाळीत कबुतरं घरटी करतात ती हुसकायची. हे सगळं भाऊजी करायचे. कुणी मदतीला आलं तर "नक्को, मी बघतो" म्हणायचे.

सासूबाई देवळाची गोष्ट सांगायच्या. निजामाच्या काळात मुसी नदीला महापूर आला, अर्धं शहर वाहून गेलं. पाणी ओसरल्यावर चिखल उपसताना इथल्या गवळ्यांना पुरुषभर उंचीचा एक दगड सापडला. चिखलानं लडबडलेला. उजवा हात वर, त्यात काहीतरी गोळा. डाव्या कमरेशी फुगवटा. डोक्यावरून वळसा घेतलेलं काहीतरी लांब. मराठवाड्यातून येऊन इथं धान्याची अडत घातलेले आपले लोक बघायला जमले आणि म्हणाले, हा तर मारुती! वरच्या हातात द्रोणागिरी, कमरेशी गदा, डोक्यावरून शेपूट. सगळं वाहून गेलं आणि हा एकटा पोहत आला. तिथल्या तिथं तेल-शेंदूर लागला. मग वसमतेहून आमच्या आजेसासऱ्यांच्या वडिलांना बोलावणं गेलं. आम्ही गुरव. देवाची सेवा आमचीच.

तेव्हापासून दर शनिवारी पहाटे लेप. शेंदूर तिळाच्या तेलात कालवायचा, त्यात थोडं मेण, आणि हाताच्या तळव्यानं मूर्तीला लावायचा. कापूस नाही, ब्रश नाही, तळहातच. ज्याच्याकडं लेपाचा मान, त्यानं लग्न करायचं नाही. आणि बाईमाणसानं गाभाऱ्याचा उंबरा ओलांडायचा नाही. हे दोन नियम. कुणी घातले, कुणाला माहीत नाही. पण मारुतीच्या देवळात त्यात विचारायचं काय? थरावर थर चढत गेले आणि मारुती दर पिढीला थोडा थोडा लठ्ठ होत गेला. आत दगड कसा आहे हे पाहिलेला माणूस कधीच मेला होता.

आता भाऊजींचं. ते विशी-पंचविशीत असताना लेपाचा मान त्यांच्या चुलत्यांकडं होता, नामदेवरावांकडं. भाऊजी इथंच शहरात काचीगुड्याला बियाण्यांच्या दुकानात नोकरीला होते. चिक्कडपल्लीच्या एका घरची मुलगी सांगून आली, पद्मावती. पसंती झाली, साखरपुडा झाला, पत्रिका छापायला टाकल्या. आणि नामदेवराव अंघोळ करता करता गेले. हे तर तेव्हा शाळेत. घरात जाणता बिनलग्नाचा गडी एकच. मोठ्यांनी ठरवलं, भाऊजींनी मान खाली घातली. मुलीकडं नारळ आणि खण परत गेले. सासूबाई मरेपर्यंत म्हणायच्या, "मारुतीनं माझा एकनाथ नेला गं."

पद्मावतीबाईंचं पुढं चांगल्या घरी झालं. नवरा बँकेत होता, दोन-तीन वर्षांमागं वारला. पण त्या दर शनिवारी देवळात यायच्या, अजून येतात. रांगेत उभ्या राहायच्या. भाऊजी म्हणायचे, "तीर्थ घ्या." त्या म्हणायच्या, "हं." इतकी वर्षं एवढंच. ते बघून मला भाऊजींची कीव यायची. म्हणून तर पहिली पोळी, तूप लावलेली, मी भाऊजींच्या डब्यात घालायची. एका माणसानं देवासाठी केवढं सोडलं म्हणायचं!

तर त्या दिवशी. हनुमान जयंती तोंडावर आली होती. ट्रस्टचे अध्यक्ष हिम्मतरावांच्या मनात आलं की सभामंडपाच्या भिंतींना ग्रॅनाइट बसवावं. हिम्मतरावांचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्यांना भिंत दिसली की भोक पाडावंसं वाटतं. सकाळपासून ड्रिल मशीन चालू. मी डबा घेऊन आवारात शिरले तर कानठळ्या बसत होत्या. मशीन थांबलं. आणि त्या शांततेत गाभाऱ्यातून आवाज आला, गव्हाचं पोतं गाडीवरून टाकावं तसा. मागोमाग भाऊजींची किंकाळी.

मी धावले आणि सवयीनं उंबऱ्याशी थांबले.

मूर्तीवरचा सगळा शेंदूर गळून खाली आला होता. वीतभर जाडीचे तुकडे, चिरोट्याला पदर सुटावेत तसे, आतून फिके, बाहेरून लाल. त्यात ते चांदीचे डोळे. आणि वर, जिथं आमचा मारुती होता, तिथं काळ्या दगडाची एक बाई उभी होती.

बाई. मी डोळे चोळले. भरलेली छाती, गळ्यात सरी, कमरेला साखळी. ज्याला आम्ही गदा म्हणत होतो ते तिच्या कडेवरचं मूल होतं. त्यानं एक हात तिच्या छातीवर टाकला होता, अगदी माझी लेक रूपाली टाकायची तसा. द्रोणागिरी म्हणजे आंब्यांचा घोस. आणि जिला शेपूट समजून मी जन्मभर नमस्कार केला ती आंब्याची डहाळी होती, पानं मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ.

माझ्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. डबा हातातून कधी पडला कळलं नाही. वरण पायावर सांडलं तेव्हा चटका बसला.

हिम्मतराव धावत आले, अंगभर दगडाची भुकटी. आत बघितलं आणि तोंड उघडं ते उघडंच. मग आधी काय सुचावं माणसाला? वळून मशीनवाल्यांना ओरडले, "चलो, छुट्टी! आज का काम बंद! घर जाओ!" आणि आम्हाला म्हणाले, "दार लावा. आधी दार लावा."

भाऊजी कुणाकडंच बघत नव्हते. ते स्वतःच्या तळहातांकडं बघत होते. इतक्या वर्षांच्या लेपानं त्यांचे तळवे कायमचेच केशरी झालेत. ते तसेच उठले, विहिरीजवळच्या नळाखाली गेले आणि हात धुवायला लागले. पाण्यानं शेंदूर जातो होय? मग विटेचा तुकडा उचलून घासायला लागले. मी मागं मागं गेले.

"भाऊजी, साल निघंल. काय करायलाव?"

"त्रिवेणी," ते म्हणाले, "मी हातानं लावत होतो. गळ्याला, छातीला, पोटाला. दर शनिवारी. बाईच्या अंगाला."

मला वाटलं होतं म्हणतील, माझा मारुती गेला. किंवा म्हणतील, माझा जन्म गेला. त्यांच्या मनात हे आलं. ज्या माणसानं माझ्याकडून कधी हाताला हात लागेल असा डबासुद्धा घेतला नाही, मी ओट्यावर ठेवायची आणि ते उचलायचे, तो माणूस वीट घेऊन तळवे सोलत होता.  मी नळ बंद केला, एवढंच.

संध्याकाळी हिम्मतराव भाऊजींच्या खोलीवर आले. मी तिथंच होते, पायाला हळद लावून बसलेली.

"एकनाथकाका, शेंदूर किती लागंल ते बोला. पोतंभर आणतो. जयंतीच्या आत पहिल्यासारखं होऊ द्या."

भाऊजी म्हणाले, "पहिल्यासारखं कसं होईल? आत कोण आहे ते मला आता ठाऊक झालं."

"तुम्हाला, मला आणि वहिनीला. बस्स. वहिनी थोडीच कुणाला बोलणार?"

"वहिनीला तोंड आहे," मी म्हणाले.

"तसं नाही हो वहिनी!" त्यांनी हात जोडले. "समजून घ्या. लोकांनी इथं नवस बोललेत. परीक्षेला जाताना पोरं इथं डोकं टेकवतात. उद्या कळलं आत देवी आहे, की एक म्हणंल आमची मैसम्मा, दुसरा म्हणंल आमची आणखी कोण. मग भांडणं, मग सरकारी कुलूप. धूळ खात पडंल सगळं. मला काय मिळणार त्यात? मी पण लहानपणापासून याच मारुतीला तेल घातलंय ना काका!"  माणूस वाईट नाही, घाबरलेला होता.

भाऊजींनी दिव्याची वात पुढं सारली.

"शनिवारपर्यंत बघतो," हिम्मतराव उठत म्हणाले. "तुमच्यानं होत नसंल तर नांदेडहून दुसरा बिनलग्नाचा गुरव आणावा लागंल. मग ही खोली त्याला लागणार. मला हे बोलायला लावू नका काका."

म्हणजे सत्तरीच्या माणसानं एक तर आपल्या हातानं तिला पुन्हा झाकायचं, नाही तर देऊळ सोडून निघायचं. बाहेर पाटी लागली: काम चालू, दर्शन बंद. पडलेला शेंदूर भाऊजींनी पोत्यांत भरून ठेवला, गोदावरीत सोडण्यासाठी. गाभाऱ्यात मात्र पुन्हा पाऊल टाकलं नाही. उंबऱ्याबाहेर बसून आत न बघता दिवा सरकवायचे. डबा जसाच्या तसा परत यायचा.

घरी यांना सांगितलं. हे खुर्चीत बसले आणि काय म्हणावं?

"म्हणजे दादा आता मोकळा! नियमच नाही राहिला. लावून टाकू लग्न."

"जीभ आवरा हो जरा!"

"अगं, पद्मावतीबाईपण एकट्याच हायेत."

मी ताट आदळलं. पण खरं लिहायचं तर तोच विचार माझ्याही डोक्यात घोंघावत होता. एका दगडावर शेंदूर साठला आणि त्यापायी ठरलेलं लग्न मोडलं. सासूबाई रडत गेल्या. कुणाचा दोष म्हणायचा? चिखलातल्या दगडाकडं बघून "मारुती!" म्हणणाऱ्याचा? तोही भक्तीनंच म्हणाला असेल. मी देवघरातल्या मारुतीच्या तसबिरीसमोर बसले, स्तोत्र म्हणायला लागले आणि दोन ओळींवर अडकले. कुणाला म्हणतेय मी हे, असं झालं.

शनिवार उजाडला. मी डबा घेऊन गेले तेव्हा बंद दाराशी लोकांनी रुईच्या माळा टांगून ठेवल्या होत्या, तेलाच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या. काही जण अजून घोटाळत होते. इतक्यात पद्मावतीबाई रिक्षातून उतरल्या. केस पांढरे, चष्मा, हातात पिशवी. पाटी वाचली आणि सरळ माझ्याकडं आल्या.

"काय गं त्रिवेणी, मारुतीला गोवर आला की काय? दार लावून बसलाय ते."

"काम चाललंय," मी म्हणाले. खोटं बोलायची सवय नाही, कान गरम झाले.

"शनिवारी काम? एकनाथराव परवानगी देतील? कायतरीच."

"या, पद्मावतीबाई," खोलीतून भाऊजींचा आवाज आला.

त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. पद्मावतीबाईंनीसुद्धा पहिल्यांदाच ऐकलं असावं. त्या दाराच्या पायरीवरच टेकल्या. भाऊजी आत घोंगडीवर. मी मधे, भिंतीला धरून. भाऊजींनी सगळं सांगितलं, काही न गाळता. मूल सांगितलं, आंबे सांगितले, हिम्मतरावांची मुदत सांगितली.

पद्मावतीबाई पायरीवर सावरून बसल्या. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला, परत काढला.

"मग मारुती नव्हताच," त्या म्हणाल्या.

"नव्हता."

"म्हणजे नियमही नव्हता."

"नाही."

"तेव्हाच शेंदूर पडला असता तर?" त्यांनी विचारलं. "नामदेवराव गेले त्या आठवड्यात?"

 मला वाटलं आता भाऊजी रडतील. ते खाली बघत होते. मग मान वर केली.

"तरी मी इथंच आलो असतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"साखरपुड्याच्या दिवशी मला दरदरून घाम फुटला होता," ते सांगायला लागले. "तुमच्यात काही खोट नव्हती. संसारच नको वाटायचा. दुकान सुटलं की मी इथं येऊन पायरीवर बसायचो, तेवढाच जीव थाऱ्यावर असायचा. घरी सांगायची हिंमत नव्हती. नामदेवकाका गेले तेव्हा मी रडलो, खरं रडलो. पण आत कुठंतरी सुटल्यासारखं झालं. नियम होता म्हणून मला काही बोलावंच लागलं नाही. तुम्हाला सांगायला पाहिजे होतं."

मी भिंत सोडून खालीच बसले. सासूबाईंचं रडणं! माझ्या तुपाच्या पोळ्या! साऱ्या घरानं ज्याला देवाच्या पायी वाहिलेला म्हणून जपलं, तो आपल्या पायानं चालत गेला होता? मूर्तीचा शेंदूर पडला तेव्हासुद्धा मी इतकी हादरले नव्हते. मला चक्क राग आला. आणि त्याहून जास्त भीती वाटली पद्मावतीबाईंची. आता या बाईनं काय करायचं? पंचेचाळीस-पन्नास वर्षांचं जे काही असेल, ते कुठं ठेवायचं?

 त्यांनी ओठ दाबून धरले होते, आणि माझ्या ध्यानात आलं की त्या हसू दाबतायत. की रडू, देव जाणे.

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या. "शेंदूर तेव्हा नाही पडला ते. अहो, 'मुलाला मुलगी नको' असं गावात झालं असतं तर मला दुसरं स्थळ आलं असतं का? मारुतीनं नवरदेव नेला म्हणून सगळे हळहळले. सासरी पण त्याचा मान होता. आमचे हे चेष्टेनं म्हणायचे, आपला नंबर मारुतीनंतरचा. मी शनिवारी काय तुम्हाला बघायला येत होते वाटलं? एवढे देखणे नव्हते तुम्ही. त्यानं माझी अब्रू राखली, म्हणून यायची."

"पद्मावतीबाई..." भाऊजी घोंगडीवरून उठायला लागले.

"राग आलाय," त्या म्हणाल्या. "ते खोटं नाही सांगत. घरी जाऊन येईल अजून. पण आधी मला बघू द्या. इतकी वर्षं मी कुणासमोर वाकत होते ते."

भाऊजी सवयीनं बोलून गेले, "गाभाऱ्यात बायकांना..."

"आत कोण आहे म्हणालात?"

भाऊजींनी किल्ली उचलली.

मागच्या दारानं गेलो. भाऊजी मंडपातच थांबले. पद्मावतीबाईंनी चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि आत गेल्या. इतकं सोपं. मी बाहेर. "ये गं," म्हणाल्या. माझं पाऊल उचलेना. माझी सासू, तिची सासू, सगळ्या इथं थांबलेल्या. 

"अगं त्रिवेणी!" आतून हाक आली. "ही उघडीनागडी उभी आहे इथं! आणि तुम्ही दार लावून चर्चा करताय? साडी आण आधी."

मी पळत घरी गेले. रूपालीच्या लग्नात आलेली हिरवी इरकल होती, घडी न मोडलेली. ती घेतली, तशीच पळत आले, आणि पद्मावतीबाईंच्या हातात घडी दिली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आत उभी आहे.  काही झालं नाही. दिव्याची वात फरफरत होती, तेवढंच.

दोघींनी साडी नेसवली. दगडाला साडी नेसवणं सोपं नाही, त्यात कडेवर मूल. पद्मावतीबाई तिच्याशी बोलत होत्या, "जरा हात वर घे गं माय," आणि मग स्वतःच म्हणाल्या, "वरच आहे की." लेकराचं तोंड पदराबाहेर ठेवलं. उकाडा होता.

मंडपातून आवाज आला. हिम्मतराव. खांद्यावर शेंदराच्या पुड्यांची थैली. ते गाभाऱ्याच्या दारात आले, आम्हा दोघींना आत बघितलं, हिरवी साडी बघितली आणि थैली तिथंच ठेवली.

"काका! हा काय तमाशा?"

भाऊजी उंबऱ्यात येऊन उभे राहिले. त्या दिवसानंतर पहिल्यांदा त्यांनी आत नीट बघितलं.

"हिम्मतराव, मी लेप लावणार नाही. दुसऱ्यालाही लावू देणार नाही. लेकरू कडेवर घेतलेली बाई आहे. तिच्या तोंडावर शेंदूर थापायचा?"

"आणि मारुती? जयंतीला लोक कुणाला तेल घालणार? माझ्या डोक्याला?"

"मारुती तुम्ही आणा. नवीन घडवून आणा, मंडपात बसवा. त्याला मी शेंदूर लावीन. बिनलग्नाचा आहेच मी."

"लोकांना सांगायचं काय?"

"पडलं ते पडलं म्हणून सांगायचं." आणि भाऊजींनी जाऊन पुढचं दार सताड उघडलं.

बाहेर घोटाळणारी माणसं आत आली.  मग मागून कुणीतरी ओरडलं, "आमचा बजरंग कुठं गेला?" एक तरणा पोरगा रागानं आपली माळ घेऊन निघून गेला. दोघं-तिघं हिम्मतरावांभोवती गोळा होऊन हातवारे करायला लागले. पण कोपऱ्यावर फुलं विकणारी तेलुगू म्हातारी पुढं आली, बघत राहिली, "अम्मा" म्हणाली आणि गजऱ्याची लड उंबऱ्यावर ठेवून गालांवर हात मारून घेतले. तिच्या मागं बायका आल्या. ज्या जन्मभर बाहेरून हात जोडायच्या त्या एकेक करत उंबऱ्यापर्यंत आल्या आणि माझ्यासारख्याच अडखळल्या.

हिम्मतराव कपाळाला हात लावून खांबाला टेकले होते. गर्दी जरा सरल्यावर त्यांनी शेवटचा प्रश्न काढला, आणि तो काही चुकीचा नव्हता.

"ठीक आहे काका. पण देवी म्हटल्यावर रोज स्नान, रोज साडी. ते कोण करणार? तुम्ही? तुम्ही तर गाभाऱ्यात जायलाच तयार नव्हता."

भाऊजींनी पद्मावतीबाईंकडं बघितलं. त्यांनी पिशवी उचलली होती.

"माझ्याकडं बघू नका," त्या म्हणाल्या. "एकदा नाही म्हणालात, ते माझ्यापर्यंत आज पोचलं. मी शनिवारी येईन, रांगेत उभी राहीन, तीर्थ घेईन. साडी तुम्ही शिका." आणि रिक्षाला हात केला.

हे सगळं होऊन आता काही दिवस झालेत. आवारात रोज नवी माणसं येतात, रोज वाद होतात. कुणी अभ्यासक येऊन बघून गेले, काही न सांगता. हिम्मतराव ट्रस्टच्या बैठकीत काय म्हणतील, ही खोली भाऊजींची राहील की नाही, काही सांगता येत नाही. मी अजूनही उंबऱ्याशी क्षणभर थबकते.

भाऊजींशी दोन दिवस मी बोलले नाही. डबा ठेवायची आणि निघायची, पोळी बिनतुपाची. तिसऱ्या दिवशी दुपारी तेच घरी आले, दारात उभे राहिले.

"त्रिवेणी, मला निऱ्या शिकव."

 सत्तरीचा माणूस, जन्मभर लंगोट आणि धोतर. पण तोंडावर थट्टा नव्हती. मी कपाटातून जुनी साडी काढली. गादी गुंडाळून सुतळीनं बांधली आणि भिंतीला उभी केली. ते पुढं बसले. पहिल्यांदा गादीला हात लावायलाही त्यांना धीर होईना. मग लावला. मी सांगत होते, ते करत होते. निऱ्या हातातून निसटायच्या, पुन्हा पहिल्यापासून. मध्येच हे बाजारातून आले, पिशवी खाली ठेवायची विसरून दारातच उभे.

"दादा! हे काय करायलाव?"

भाऊजींच्या दातांत पिन होती, बोलता येईना.

"गप बसा," मी म्हणाले. "निऱ्या बिघडतील."

भाऊजींनी पिन काढून हातात घेतली आणि मला विचारलं, "लेकरू डाव्या कडेवर आहे. मग पदर त्याच्या पुढून न्यायचा का मागून?"

मलाही सांगता येईना. त्या दिवशी घाईत नेसवली होती, आठवत नव्हतं. मग मी पलंगावरची उशी उचलली, कडेवर घेतली, आणि पदर खांद्यावर घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"असा," मी म्हणाले. "मागून. नाही तर ते ओढतं."